अळणी पातेलं

भट्टी पेटून चार दिवस झाले होते आणि घणवाल्याच्या पायात चपला जाईनात. सकाळी उंबऱ्यावर बसून तो टाच रेटत होता, अंगठा आत घालत होता, पुन्हा काढत होता. शेवटी वैतागून चपला काखोटीला मारल्या आणि अनवाणीच निघाला. चुन्याच्या भट्टीवर कुणी अनवाणी जात नाही. बायकोने पाण्याची कळशी तशीच खाली ठेवली.

"थांबा जरा."

तिने उकिडवं बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. ओल्या मातीत पडावा तसा खळगा पडला आणि भरून यायचं नाव घेईना.

"कधीपासून आहे हे?"

"आठ-पंधरा दिवस असेल. उन्हाने असेल."

"उन्हाने माणूस सुकतो. सुजत नाही."

ही घरातली थोरली सून. सगळे तिला मोठी म्हणत. घर दोन भावांचं, चूल एक. भट्टीवर काम जोडीने मिळायचं. एकाने दगड फोडायचा, दुसऱ्याने पाटीने वाहून वर ओतायचा आणि खालच्या तोंडातून भाजलेला चुना ओढायचा. थोरला वीस वर्षं घण चालवत होता, म्हणून तो घणवाला. धाकट्याला धाकटाच म्हणत. दोघांची आई होती, धाकट्याची बायको होती आणि त्यांची पाच वर्षांची चिमी. मोठीला मूल नव्हतं. चिमी तिला मोठीआई म्हणायची आणि निजायला तिच्याच कुशीत यायची.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं, लघवी घेतली, दोन तास बाकावर बसवलं आणि मग मोठीलाच आत बोलावलं. डॉक्टर तरुण होते, चेहऱ्यावर झोप होती.

"दोन्ही मूत्रपिंडं थकलीत. यावर उपाय म्हणजे रक्त साफ करणारं यंत्र, आणि ते इथे नाही. ते लागू नये असं वाटत असेल तर जेवण सांभाळा. मीठ पूर्ण बंद. खारवलेलं, सुकवलेलं काही नाही. डाळ नावापुरती. बटाटा घातलाच तर उकळून पाणी फेकायचं. आणि पाणी दिवसाला चार पेले, तेही मोजून."

"साहेब, ते भट्टीवर काम करतात."

"आता नाही करायचं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतताना घणवाल्याने एकदाच विचारलं, "काय म्हणाले?"

"मीठ बंद म्हणाले."

"एवढंच ना?" तो हसला. "मला वाटलं हातपाय काढतात की काय."

त्या संध्याकाळी मोठी चुलीपुढे बराच वेळ हातात मिठाची बरणी धरून बसली. एवढ्या माणसांचं कालवण एका पातेल्यात व्हायचं. त्याच्यासाठी वेगळं काढून ठेवावं, तर तो कोपऱ्यात वेगळा बसणार. तिने बरणी फळीवर ठेवून दिली.

ताटं वाढली गेली. चिमीने पहिला घास घेतला आणि तो जिभेने बाहेर ढकलला.

"मोठीआई मीठ विसरली!"

"विसरली नाही," मोठी म्हणाली. "तुझ्या मोठ्या बाबांना चालत नाही. ज्यांना हवं त्यांनी वरून घ्या."

धाकट्याने बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही. भाताचा मोठा गोळा करून तो गिळत म्हणाला, "वरून-बिरून काही नाही. दादा खाईल तेच आम्ही खाऊ. ह्याच्याबरोबर इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आता काय मिठासाठी वेगळं बसायचं? आणि चव काय वाईट आहे, वहिनी? कागद खाल्ल्यासारखं वाटतं, पण ऊन ऊन कागद आहे!"

सगळे हसले. सासू हसली नाही. ती घास चावत राहिली आणि मुलाच्या पायांकडे बघत राहिली. घणवाला मान खाली घालून जेवला. हात धुताना मोठीला म्हणाला, "धाकटा वेडा आहे." पण जाताना भावाच्या पाठीवर थाप मारून गेला आणि तिला वाटलं, हे जमेल. एवढी माणसं एका बाजूला असली तर का नाही जमणार?

भट्टीवर जोडी मोडली तर काम जायचं. महिनाभराचा ठेका होता आणि पेटलेली भट्टी कुणासाठी थांबत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून घण मोठीने उचलला. घणवाला सावलीला बसून तिला दगडाची शीर दाखवायचा. "तिथे नाही, वरच्या अंगाला. जोर लावू नकोस, घणाला त्याच्या वजनाने पडू दे." पहिल्या दिवशी तिच्या तळव्यांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले, आठव्या दिवशी कातडी घट्टे धरायला लागली. दगड मुठीएवढे व्हायला हवेत. मोठे राहिले तर आत कच्चे राहतात आणि मुकादम अख्खी पाटी परत ओततो.

दुपारी सगळ्या जोड्या निंबाच्या झाडाखाली डबे उघडायच्या. भट्टीवरची पद्धत अशी की कुणी एकट्याच्या डब्यातलं खात नसे. ह्याची भाजी त्याच्या भातावर, त्याचं कालवण ह्याच्या ताटलीत. पहिल्या दिवशी दोघातिघांनी मोठीच्या डब्यात हात घातला. मग एकमेकांकडे पाहिलं.

"घणवाल्या, तुमच्याकडे मीठ संपलं का रे?" गाडीवान म्हणाला. तो चुना वाहून न्यायचा आणि तोंडाचा फटकळ होता. "सांग तर खरं, माझ्या बैलांसाठी खडा आणतो त्यातला देतो."

हसणं झालं. घणवालाही हसला. पण त्या दिवसानंतर त्यांच्या डब्याकडे कुणाचा हात आला नाही, आणि त्यांना घ्या म्हणतानाही लोक आधी थांबायला लागले. घ्या म्हणावं तर ह्याला चालत नाही, न म्हणावं तर वाईट दिसतं. आठवड्याभरात ही तिघं आपोआप झाडाच्या दुसऱ्या अंगाला सरकली. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

तहान मात्र कुणाला दिसत नव्हती. सकाळी मोठी चार पेले एका तांब्यात मोजून ठेवायची. दुपारपर्यंत तीन संपायचे. मग घणवाला ओठांवरून जीभ फिरवत बसायचा, आणि समोर माणसं माठातून घटाघटा पाणी पीत, उरलेलं डोक्यावर ओतून घेत. ती त्याला ओल्या फडक्याचा बोळा द्यायची. तो लहान मुलासारखा चोखायचा, कुणी बघतंय असं वाटलं की मुठीत लपवायचा. पण सूज उतरली. पंधराव्या दिवशी चपला पायात गेल्या. मोठीने ते कुणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून.

भट्टी ऐन भरात आली, तशी खालची तोंडं उघडली गेली. चुना ओढायचं काम सगळ्यांत वाईट. तोंडाला फडकं, हातांना तेल, अंगावर जाड सदरा. घाम आला की पुसायचा नाही, कारण घामावर चुन्याची भुकटी बसली की कातडी जळते. समोर आग, पाठीवर ऊन. धाकटा तिथे सकाळपासून उभा होता. दहा वाजता त्याने फावडं टेकवून पोटरी चोळली. अकरा वाजता पुन्हा चोळली. मोठीने विचारलं तर म्हणाला, "गोळा येतोय, जाईल." बाराच्या सुमाराला त्याचं पोट असं आवळलं की तो दुमडला आणि डाव्या अंगावर पडला, ओढून काढलेल्या चुन्याच्या ढिगातच.

धावाधाव झाली. त्याला ओढून काढलं तेव्हा त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या आणि तो दात आवळून कण्हत होता. कोपरापासून मनगटापर्यंत हात घामाने ओला, त्याला चुना चिकटलेला. मुकादमाने आधी फडक्याने झटकला आणि मग माठच्या माठ ओतायला लावले. तरी कातडी सोलून आली. मुकादम म्हातारा होता, त्याने अशी माणसं पाहिली होती. त्याने धाकट्याचा सदरा हाताने चोळून बघितला.

"सदऱ्यावर मिठाचे डाग नाहीत. घाम एवढा गेला आणि खार कुठे आहे? काय खातोस रे?"

गाडीवानाने आपल्या डब्याजवळची मिठाची पुडी आणली. पाण्यात मूठभर साखर, चिमूटभर मीठ ढवळून धाकट्याला पाजलं. तासाभराने पोटऱ्या सैल झाल्या.

"अंगातलं मीठ गेलंय ह्याच्या," मुकादम मोठीकडे बघत म्हणाला. "आजारी माणसाचं पथ्य आजारी माणसाला. आगीपुढे उभ्या राहणाऱ्याला अळणी घालून चालतं का? मारशील एखाद्याला."

घरी धाकट्याची बायको, धाकटी, दारातच उभी होती. बातमी आधी पोचली होती. नवऱ्याच्या हाताला गुंडाळलेलं फडकं बघितलं आणि ती मोठीवर फिरली.

"तुमच्या नवऱ्याला वाचवायला माझ्या नवऱ्याचा बळी देताय का, ताई?"

"मी म्हटलं होतं वरून घ्या—"

"ते घेणार का तुमच्यासमोर? भाऊ म्हणून जीव टाकतात ते. तुम्हाला ते कळत नव्हतं? आणि तुम्ही स्वतः घण मारताय अळणी खाऊन, उद्या तुम्ही पडाल. मग?"

धाकटी खोटं काहीच बोलत नव्हती.

त्या संध्याकाळी घणवाल्याने स्वतः फळीवरून बरणी काढली आणि भावाच्या ताटापुढे ठेवली. "घे," म्हणाला. धाकट्याने मान वळवली. "घे म्हणतो ना!" तो ओरडला. वीस वर्षांत त्याने भावावर आवाज चढवला नव्हता. धाकट्याने उजव्या हाताने चिमूट घेतली, भातावर टाकली आणि खाली बघून कालवलं. घणवाला त्या हाताकडे बघत होता. मिठाचा वास येत नाही म्हणतात, पण त्याच्या नाकपुड्या हलल्या. मोठीने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दोन पातेली झाली. त्यापुढच्या आठवड्यात धाकटीने मागच्या पडवीत तीन दगड मांडून वेगळी चूल घातली. भांडण करून नाही. "ह्यांच्यासमोर खारवलेलं तळायचं कसं, मोठ्या भावजींचं मन जळतं," असं म्हणाली, आणि तेही खरं होतं. चिमी जेवायला पडवीत जायला लागली. जाताना मोठीआईकडे बघायची आणि पळायची. आतल्या चुलीपाशी दोघंच उरली, घणवाला आणि मोठी. तिला मीठ चालत होतं. मुकादम म्हणाला होता, तिने खायलाच हवं. ती भट्टीवर गुपचूप खडा जिभेवर ठेवून पाणी प्यायची, औषध घेतल्यासारखी. पण त्याच्या ताटाशेजारी बसून त्याच पातेल्यातलं खायची.

"तू का खातेस हे?" तो विचारायचा.

"मला आवडायला लागलंय."

"खोटं बोलू नकोस."

"बरं, नाही आवडत. खा गुपचूप."

महिना संपत आला आणि चपला पुन्हा पायात जाईनात. आता चेहराही सुजला, सकाळी डोळे उघडायला वेळ लागायचा; भट्टीवर यायचंही त्याने सोडलं. मोठीने पुन्हा सगळं मोजून बघितलं. पाणी तेवढंच, डाळ तेवढीच, बटाटा बंदच. तिला काही उमजेना. मग एका दुपारी घणाचा दांडा तुटला, तो बदलायला ती अवेळी घरी आली आणि दारातच थबकली.

घणवाला भिंतीला टेकून बसला होता. सासू त्याच्यापुढे बसून, पदराखाली लपवलेला सुका मासा निखाऱ्यावर भाजून, एकेक तुकडा त्याच्या तोंडात घालत होती. तो डोळे मिटून चघळत होता. त्याचा चेहरा असा निवांत तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आई!"

म्हातारी दचकली नाही. बोटं चाटून घेतली.

"रोज देता?"

"देते."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं माहीत आहे ना तुम्हाला? ते सुजलेत कशाने मग? मी थेंब थेंब पाणी मोजते, आणि तुम्ही—"

"मी ह्याला ह्या हाताने भरवून वाढवलाय," सासू म्हणाली. "तू ह्याला महिनाभर जे घालतेस ते मी गुराला घातलं नसतं. जायचाच असेल तर तोंडाला चव घेऊन जाऊ दे माझं पोर."

"जायचाच असेल कोण म्हणतंय? नाही जायचं त्यांना!"

घणवाल्याने डोळे उघडले. तोंडातला तुकडा थुंकावा की गिळावा हे त्याला ठरवता येईना. तो तसाच गालात धरून बसला, चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा, आणि त्याच्या सुजलेल्या गालांवरून पाणी ओघळलं. मोठीने घणाचा जुना दांडा तिथेच टाकला आणि नवा घेऊन भट्टीवर निघून गेली. त्यानंतर सुका मासा घरात आला नाही. पण सासू त्या दिवसापासून तिच्याशी बोलली नाही, आणि सूज उतरली नाही.

भट्टी विझली तेव्हा गाडीवानाचं नवं घर बांधून झालं होतं. त्याने सगळ्या जोड्यांना जेवायला बोलावलं. घणवाल्याला जायचंच होतं. मोठी सकाळीच गाडीवानाच्या बायकोकडे गेली.

"मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढाल का? कुणाला न सांगता त्यांच्या ताटात वाढा. त्यांना कळलं तरी चालेल, लोकांना कळायला नको."

"अगं, एवढंच ना? काढते की," ती बाई म्हणाली. चांगली बाई होती. तिने खरंच काढलं.

संध्याकाळी नव्या ओट्यावर पुरुषांची पंगत बसली. घणवाला मध्ये बसला, एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला मुकादम. कुणीतरी जुनी गोष्ट काढली, घणवाल्याने एकदा पैजेवर एका घावात केवढा दगड फोडला होता ती. हसणं चाललं होतं. आणि आतून गाडीवानाची बायको हातात झाकलेलं ताट घेऊन आली, घाईत, कपाळावरचा घाम पुसत.

"पेशंटचं ताट कुठे द्यायचं?" तिने मोठ्याने विचारलं. "ह्यात मीठ नाहीये, चुकून दुसऱ्याला जायला नको!"

वाढणारा हात घणवाल्याच्या ताटावर थांबला. एक-दोघं आपल्या ताटाकडे बघू लागले. गाडीवान, एरवी एवढा तोंडाळ, समोरचा तांब्या उगाच सरळ करू लागला.

घणवाल्याने समोर आलेलं झाकलेलं ताट हळूच बाजूला सरकवलं. "इकडे वाढ रे," तो वाढणाऱ्याला म्हणाला. "सगळ्यांना वाढतोस ते. आणि हात आखडू नकोस, माझ्या ताटाला काय भोक पडलंय?"

कुणीतरी आधी हसलं, मग सगळे हसले, सुटका झाल्यासारखे. धाकट्याने भावाचं मनगट धरलं. घणवाल्याने ते सोडवलं.

मोठी बायकांच्या पंगतीत, दाराच्या आतल्या अंगाला बसली होती. तिला सगळं दिसत होतं. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग हात भरून खायला लागला. मुकादमाच्या भातावर आपलं कालवण ओतलं, गाडीवानाच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला. तांब्या तोंडाला लावून सगळा रिकामा केला. त्याचा तो जुना, छातीतून येणारा हसण्याचा आवाज तिने ओळखला. उठून जावं, ताट ओढावं, हात धरावा, असं तिला वाटलं. धाकटी तिच्या मांडीला ढोसत होती, "ताई, उठा ना!" पण त्या माणसांसमोर त्याला पुन्हा एकदा आजारी करणं तिच्याने होईना. ती बसून राहिली. तिच्या ताटातलं तिने खाल्लं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला आडवं पडता येईना. पडलं की बुडाल्यासारखं व्हायचं. गाडीवानाने आपणहून गाडी जुंपली. दवाखान्यात त्याच तरुण डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मोठीला म्हणाले, "काय खाल्लं?"

"जेवले," ती म्हणाली. "लोकांबरोबर जेवले."

डॉक्टरांनी कागद ओढला. मोठ्या शहराला न्यायची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली तेव्हा घणवाला धाकट्याच्या खांद्यावर मान टाकून बसला होता आणि धाकटा त्याला हलवून हलवून हाक मारत होता.

घणवाल्याचं दिवसकार्य झालं, तरी पावसाला अजून वेळ होता. पुढची भट्टी भरायला घेतली गेली आणि जोडीत मोठी आणि धाकटा कायम झाले. मुकादमाने हजेरीत फक्त नाव बदललं. धाकट्याचा हात बरा झाला, पण कातडी पांढरी आणि ताठ राहिली, मूठ पूर्ण वळत नसे. तो वहिनीशी कामापुरतं बोलायचा. भावाचं मनगट आपण का सुटू दिलं, हे तो स्वतःलाही विचारत असेल, पण तिच्यापाशी त्याने ते कधी काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

पडवीतली चूल धाकटीने आपल्या हाताने मोडली. "आता कशाला दोन ठिकाणी जाळ?" म्हणाली. पहिल्या संध्याकाळी तिने आग्रह करून मोठीलाच आतल्या चुलीपुढे बसवलं. "तुमच्या हाताचं खाऊन किती दिवस झाले, ताई. करा आज तुम्हीच." तिला खरंच बरं करायचं होतं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती उठून बसली.

कालवणाला उकळी आली. मोठीने बरणीतून चिमूट घेतली, टाकली, पळीने थोडं तळव्यावर घेऊन चाखलं. जीभ पोळल्यासारखं झालं, इतकं खारट. तिने वर पाण्याचा तांब्या ओतला, पुन्हा चाखलं. अजून खारटच. आणखी पाणी ओतलं. धाकटी शेजारी बसून बघत होती. तिने पळी मागून घेतली, एक थेंब जिभेवर ठेवला आणि पळी पातेल्यावर आडवी ठेवली.

"ताई, ह्यात मीठ नाहीच."

"आहे. मी टाकलंय."

धाकटीने पुन्हा चाखलं, मोठीच्या तोंडाकडे बघितलं आणि वाद घातला नाही. बरणी स्वतःकडे ओढली, चिमटी-चिमटीने मीठ टाकून पातेलं नीट केलं. मग हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा आवाजात म्हणाली, "राहू दे. उद्यापासून मी बघत जाईन स्वयंपाकाचं. तुम्ही दमून येता."

"बरं," मोठी म्हणाली.

ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आत ताटं मांडली गेल्याचा आवाज आला, चिमीची कुरकुर, धाकट्याचं खाकरणं. थोड्या वेळाने धाकटीने दारातून हाक मारली, "या ताई, वाढलंय." मोठी आत गेली, सगळ्यांबरोबर बसली, आणि घास घेऊन न चावता, पाण्याबरोबर, एकेक करून गिळत राहिली.